वेचणीच्या दिवसांत लेकरू कुणापाशी ठेवायचे?

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रिमहोदया,


२०२५ मध्ये आपल्या विभागाने केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीला जोडून पाळणाघरे काढायला मंजुरी दिली. पहिल्या टप्प्यात ३४५. राज्यात तालुके आहेत ३५८ आणि अंगणवाड्या लाखाच्या वर. म्हणजे तालुक्याला धड एकही येत नाही. तरी मी या निर्णयाचे स्वागत करते. सहा महिन्यांच्या लेकराला दिवसभर सांभाळायला सरकारने एक बाई नेमायची असते, एवढे त्या कागदाने मान्य केले आहे. आमच्याकडे अजून ते कुणाला खरे वाटत नाही.

माझे मागणे एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचायला आपल्याला सवड झाली नाही तरी काम अडायचे नाही. देवळीसारख्या कापसाच्या तालुक्यात, निंदणाच्या आणि वेचणीच्या महिन्यांत, गावातली अंगणवाडी आया वावरातून घरी येईपर्यंत उघडी ठेवा. सहा महिन्यांपासूनच्या लेकरांना तिथे घ्या. आणि त्या वाढीव वेळेसाठी वेगळ्या बाया वेगळ्या मानधनावर नेमा. नवी इमारत नको. फीत कापायला कुणी यायची गरज नाही.

देवळी म्हणजे वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरवरचे तालुक्याचे गाव. नगर परिषद आहे, एमआयडीसी आहे, २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब रेल्वेही सुरू झाली. पण तालुक्याचे पोट काळ्या जमिनीवर चालते. कापूस, तूर, सोयाबीन. ओलीत असेल तिथे गहू-हरभरा. त्यातही कपाशीचे बहुतेक काम बाईच्या हाताचे. सरकी टोबणे, खत देणे, निंदणे, वेचणे. औत पुरुषाचे, फवारणीचा पंप पुरुषाचा, ट्रॅक्टर पुरुषाचा. ज्या कामाला यंत्र आले ते पुरुषाकडे गेले आणि ज्याला आले नाही ते बाईकडे राहिले, असा माझा तरी हिशेब आहे.

निंदणाला रोज ठरलेला असतो. दिवस भरला की पैसे. दसऱ्यानंतर शेतकरी सीतादहीची पूजा करतो आणि वेचणी लागते, तेव्हा हिशेब बदलतो. वेचणी किलोवर असते. अलीकडे किलोला दहा-बारा रुपये मिळतात, आणि भर हंगामात हात चालला तर बाई दिवसाला चाळीस-पन्नास किलो वेचते. ओटी भरली की धुऱ्यावरच्या गाठोड्यात रिकामी करायची आणि पुन्हा तासाला लागायचे. आता या बाईसोबत अंगावर पिणारे लेकरू असेल तर काय होते पाहा. ते रडले की हात थांबतो. पाजायला बसली की थांबतो. ते रांगत बांधाकडे गेले की थांबतो. थांबलेल्या हाताचे पैसे कुणी देत नाही, आणि संध्याकाळी काट्यावर गाठोडे चढले की सगळ्यांसमोर दिसते कुणाचे किती भरले. टोळीतल्या बाया चांगल्या असतात, लेकराला घेतात, खेळवतात. पण त्यांचेही पैसे किलोवरच असतात. म्हणून तान्ह्या लेकराची आई टोळीला नको असते. तोंडावर तसे कुणी म्हणत नाही. सकाळी मजुरांचा ऑटो तिच्या दारात थांबत नाही, इतकेच.

आणि ऑटो ज्यांच्या दारात थांबतो त्या सगळ्यांना एकच प्रश्न असतो: “लेकराले कोन पाहीन?”

अंगणवाडी आहे, हे मला माहीत आहे. चांगली गोष्ट आहे. ती सकाळी भरते, मुले गाणी म्हणतात, गरम आहार होतो आणि दुपारी सुटते. आई सांजेला येते. मधल्या चार तासांत तीन-चार वर्षांचे पोर गल्लीत असते. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला तर अंगणवाडीत दिवसाची जागाच नाही. त्याचे वजन होते, लसीकरणाच्या दिवशी त्याला बोलावणे जाते, आणि घरी न्यायला आहाराचे पाकीट मिळते. पाकीट घरी जाते. पण वर्षाच्या लेकराला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवावे लागते, तेही समोर बसून, गोडीगुलाबीने. पाकीट शिजवणारी आणि भरवणारी बाई सहा किलोमीटरवर दुसऱ्याच्या वावरात वाकलेली असते. मग महिन्याच्या शेवटी वजनाच्या तक्त्यात रेघ खाली येते आणि आपण आईला आहाराचे महत्त्व समजावून सांगतो. आईला ते महत्त्व आपल्यापेक्षा जास्त कळते. तिला घड्याळ आडवे येते.

यावर अधिकाऱ्यांकडून आणि गावातल्या जाणत्यांकडून जे उत्तर हमखास मिळते ते असे, की घरी आजी असतेच. आजी असते. फक्त ती घरी नसते. पन्नाशी-साठीची बाई आमच्याकडे वेचणीला जाते. कितीतरी घरांत सून-सासू एकाच टोळीत असतात, कारण कापूस फुटला की तो थांबत नाही आणि वेचणीच्या तीन-चार महिन्यांत जे मिळेल त्यावर पुढचे सहा महिने काढायचे असतात. जी आजी खरोखर घरी राहते तिचे गुडघे गेलेले असतात, डोळ्यांत मोतीबिंदू असतो, म्हणूनच ती घरी असते. रांगणाऱ्या पोरामागे धावणे तिच्याने होत नाही. ती काय करते, तर त्याला खाटेच्या पायाला लुगड्याच्या पदराने बांधून ठेवते. हे क्रूरपणाने नाही. अंगणात टाके आहे, चूल आहे, रस्त्यावर ट्रॅक्टर आहेत, म्हणून. आणि मुळात आजीलाच गृहीत धरायचे असेल तर मग योजनेत तिचेही मानधन घाला. तेवढे धाडस मी अजून कुठल्या शासन निर्णयात पाहिलेले नाही.

आजी नसेल तर मोठी बहीण. मी या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवत आले. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा वेचणी ऐन भरात असते. चौथी-पाचवीच्या मुली हजेरीला असतात, पण आठवड्यातून दोन-तीन दिवसच, आणि कधीकधी कडेवर भाऊ घेऊन येतात. मी त्यांना वर्गात बसू देत असे. नियमात ते बसत नाही. घरी पाठवले असते तर दोघेही गेले असते, आणि मुलगी दुसऱ्या दिवशीही आली नसती. शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण करताना अशी मुलगी कुठल्याच रकान्यात येत नाही, कारण पटावर तिचे नाव आहे आणि ती अधूनमधून दिसतेही. तिच्या अभ्यासातला खड्डा मात्र सहावीत बीजगणित सुरू झाले की उघडा पडतो.

‘आमच्या वेळी लेकरे वावरातच वाढली’ असे म्हणणारेही असतात. त्यात मोठमोठी माणसे असतात, म्हणून उत्तर देणे भाग आहे. हो, बाभळीला झोळी बांधून लेकरे वाढली. किती वाढली आणि किती गेली याची नोंद त्या वेळी कुणी ठेवत नव्हते. शिवाय ते वावर आता राहिलेले नाही. २०१७ च्या पावसाळ्यात वर्धा नदीच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यांत भरती झाले. धडधाकट माणसांची ही गत. त्याच औषधांच्या वासात, त्याच पऱ्हाटीच्या खाली, धुऱ्यावर रिकाम्या डब्याशी खेळत दहा महिन्यांचे लेकरू बसवायचे? निंदणाच्या दिवसांत साप-विंचू, शेतात कठडा नसलेल्या विहिरी, आणि उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिसाला टेकतो, हे वेगळेच. झोळीचे फोटो सुंदर येतात, हे मी मान्य करते.

आता कायद्याकडे येते, कारण या सगळ्या प्रश्नाची गाठ मला तिथे दिसते.

कापसाच्या बोंडाचा प्रवास पाहा. ते वेचणारी बाई वावरात असते. वेचलेला कापूस बाजार समितीत जातो, तिथून जिनिंगमध्ये. जिनिंगमध्येही बाया असतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सांगितले, की ठराविक संख्येपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तर मालकाने पाळणाघर चालवायचे. आधी पन्नास, पुढे तीस. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली: पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघर द्यायचे आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराकडे जाऊ द्यायचे. नव्या श्रमसंहितांनीही पन्नासाचाच आकडा धरला. म्हणजे सूतगिरणीत, कापडगिरणीत, त्या कापडाचे शर्ट विकणाऱ्या कंपनीच्या काचेच्या कार्यालयात, सगळीकडे बाईला निदान कागदावर पाळणाघर आहे. ज्या बाईने ते बोंड पहिल्यांदा हातात घेतले, तिला नाही.

का नाही? कारण तिला मालक नाही. सोमवारी ती एकाच्या वावरात असते, बुधवारी दुसऱ्याच्या. तो मालक म्हणजे चार-पाच एकरांचा कास्तकार, ज्याची बायको कदाचित त्याच टोळीत वेचत असते. त्याच्यावर पाळणाघराची सक्ती करायला गेलात तर तो हसेल, आणि त्याचे हसणे रास्त असेल. आपले सगळे पाळणाघराचे कायदे मालकाच्या दारात उभे राहून लिहिलेले आहेत. जिथे मालक रोज बदलतो तिथे ते दार सापडत नाही. म्हणून शेतमजूर बाईच्या लेकराची जबाबदारी गाव आणि सरकार या दोघांखेरीज कुणावर टाकताच येत नाही. ही दयेची गोष्ट नाही, कामाची रचनाच तशी आहे.

एका ठिकाणी मात्र सरकार स्वतः मालक होते: रोजगार हमीच्या कामावर. रोजगार हमी ही आपल्याच राज्याने, वि. स. पागे यांच्या आग्रहाने, १९७२ च्या दुष्काळात देशाला दाखवलेली वाट. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तीत स्पष्ट लिहिले, की कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त मुले असतील तर त्यांच्यातल्याच एका बाईला मुले सांभाळायला नेमायचे आणि तिला कामाची पूर्ण मजुरी द्यायची. किती साधी तरतूद! मुले सांभाळणे हे काम आहे आणि त्याला खोदकामाइतकाच भाव आहे, हे एका ओळीत सांगितले. अशी नेमलेली बाई कामावर मला पाहायला मिळाली नाही. मिळते ते हिरवे कापड आणि मस्टरवर नाव नसलेली एखादी म्हातारी.

आमच्या जिल्ह्याला याबाबत वारसा नाही असेही नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नयी तालीम शिक्षणाचा आराखडा निघाला, हे पाठ्यपुस्तकात येते. त्यानंतरचे सहसा येत नाही. तुरुंगातून सुटून आल्यावर गांधीजींनी १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामच्या संमेलनात नयी तालीमचा पट सात ते चौदा वर्षांवरून थेट जन्मापासून मरणापर्यंत ताणला. शांता नारुळकर यांनी सेवाग्रामला पूर्व-बुनियादी शाळा चालवली, खेड्यातली लहान लहान लेकरे घेऊन, खेड्यात मिळेल त्याच साहित्यावर. देवळीहून सेवाग्राम तासाभराच्या आत. त्याच वर्षी, १९४५ मध्ये, बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या आणि तिथून पुढे कोसबाडला. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले तेव्हा ताराबाईंनी बालवाडी उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली होती, म्हणजे मोठ्या बहिणीने वर्गात बसायचे आणि धाकट्याने शेजारच्या खोलीत झोपायचे. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा सरकारने अंगण घेतले, आहार घेतला, गाणी घेतली. पाळणाघर तेवढे कोसबाडच्या डोंगरावर राहून गेले.

 

गांधींच्याच नावावरून आणखी एक गोष्ट. १९६९ मध्ये जन्मशताब्दीचे प्रदर्शन उभारण्यासाठी दिल्लीत राजघाटाजवळ बांधकाम चालू होते. मजूर बायांची लेकरे तिथल्या खडी-धुळीत पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली आणि तिथेच तंबू टाकून पाळणाघर सुरू केले. मोबाइल क्रेशेस ही संस्था त्यातून झाली. ती आजही बांधकामांवर काम करते. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने गावोगावी फुलवारी नावाची पाळणाघरे चालवली, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी, गावातल्याच बाया नेमून. ते पाहून तिथल्या सरकारने २०१२ च्या सुमारास सरगुजाकडे त्याच नावाने सुरुवात केली. कर्नाटकाने २०२३ मध्ये चार हजार ग्रामपंचायतींत ‘कूसिना मने’ नावाची पाळणाघरे जाहीर केली. सांभाळणाऱ्या बाया रोजगार हमीचे जॉबकार्ड असलेल्या, त्याच गावातल्या. मला या राज्यांचे गोडवे गायचे नाहीत, तिथेही सगळे आलबेल नसणार. पण शेतमजूर बाईच्या लेकराची जागा कुठे, हा प्रश्न त्यांनी निदान अंदाजपत्रकात नेऊन ठेवला.

आता त्या वाढीव तासांत काम कुणी करायचे? इथे मला जरा कडक बोलू द्या. अंगणवाडी सेविकेवर हे लादू नका. तिच्याकडे पोषण ट्रॅकर आहे, वजने आहेत, गृहभेटी आहेत, सर्वेक्षणे आहेत, निवडणुकीची कामे आहेत, आणि लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायलाही तिलाच बसवले होते. ४ डिसेंबर २०२३ पासून याच बायांनी दीड महिन्यावर संप केला, त्यानंतर मानधनात काही वाढ पदरात पडली. आपल्या नवीन पाळणाघरांत सेविकेला थोडा भत्ता देऊन देखरेख करायला सांगता, तेवढे ठीक. पण हळूहळू असे होते, की पाळणा सेविकेची जागा रिकामी राहते, तिचे काम मदतनिसाकडे सरकते आणि भत्ता तेवढाच राहतो. दीड वर्षाची दहा पोरे आणि तीन वर्षांवरची वीस पोरे एका बाईच्या हवाली केली तर ती काय करेल? खाटेच्या पायाला बांधेल. मग आजीच काय वाईट होती?

पंचवीस मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस असे ‘पाळणा’चे माप आहे. त्यातली अर्धी जरी दोन वर्षांच्या आतली असली तर दोघी पुरत नाहीत, तीन लागतील. गावात अशा बाया आहेत. बारावी झालेल्या सुना आहेत, ज्यांना घराबाहेर पडायला एखादे प्रतिष्ठेचे काम हवे आहे. वेचणीला वाकणे ज्यांना आता जमत नाही पण हात अजून मायेचे आहेत अशा पन्नाशीच्या बाया आहेत. बचतगटांच्या याद्या काढल्या तर आठ दिवसांत नावे मिळतील.

पैशाचे म्हणाल तर एक साधा गुणाकार करते. एका गावात पंचवीस आया लाडकी बहीण योजनेत आहेत असे धरू. महिना पंधराशेप्रमाणे त्यांना साडेसदतीस हजार मिळतात. दोन बायांना दहा-दहा हजार दिले तर वीस हजार होतात. तिसरीला दिले तर तीस. आहार तर विभागाकडून येतोच. लाडकी बहीण बंद करा असे मी मुळीच म्हणत नाही. ते पैसे बाईच्या हातात येतात आणि घरात तिचा आवाज थोडा वाढतो, हे मी डोळ्यांनी पाहते. मी एवढेच म्हणते, की जे सरकार तेवढे देऊ शकते त्याने याला पैसे नाहीत म्हणू नये. शिवाय वेचणीच्या तीन-चार महिन्यांत निर्धास्त हाताने काम करणारी बाई जे कमावते ते पंधराशेच्या कितीतरी पुढे जाते. कास्तकारांनाही यात रस असायला हवा. मजूर मिळत नाहीत म्हणून ते परजिल्ह्यातून, मध्य प्रदेशातून टोळ्या आणतात, त्यांच्या राहण्याची सोय करतात, गाडीभाडे देतात. आणि त्याच गावातल्या पंचवीस-तीस तरुण बाया लेकरू राखत घरी बसलेल्या असतात. बाहेरून आलेल्या टोळ्यांची लेकरेही असतात, बरे का. ती कुठल्याच अंगणवाडीच्या पटावर नसतात. पाळणाघर झाले तर त्यांनाही आत घ्या, आधार कार्ड कुठल्या गावचे ते नंतर पाहू.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. लहान गावांचे उत्पन्नच किती, म्हणून त्यावर भार टाकता येणार नाही. पण अंगणवाडीला कुंपण, पंखा, पाण्याचा माठ, सतरंज्या, झोळ्या टांगायला कड्या, एवढे त्यातून व्हावे. सध्या त्यातून काय होते ते आपण मागवून पाहा, वाचनीय असते. देवळीच्या एमआयडीसीबद्दल थोडक्यात एवढेच: एकेका कारखान्यात पन्नासाचा आकडा भरत नसेल, ठेकेदाराच्या माणसांमुळे तो कधी भरतो कधी भरत नाही, तर सगळ्यांचे मिळून एक पाळणाघर करायला कायद्याची आडकाठी नाही. नगर परिषदेने जागा द्यावी आणि कारखानदारांनी खर्च वाटून घ्यावा. त्यासाठी एक बैठक लागते, जी जिल्हाधिकारी बोलावू शकतात.

वेळेबद्दल मात्र तपशिलात लिहिते, कारण योजना इथेच बिघडते. ‘पाळणा’ योजनेत रोज साडेसात तास आणि महिन्याला सव्वीस दिवस धरले आहेत. कार्यालयात जाणाऱ्या बाईलाही ते पुरत नाहीत. आमच्या बाईचे काम आठ तासांचे, त्यात शिवारात जायचा-यायचा एक-दीड तास. वेचणीत तिला सकाळी लवकर निघावे लागते, उन्हाळ्यात तर तांबडे फुटताच. केंद्र साडेपाचला बंद झाले आणि ऑटो सव्वासहाला आला तर मधल्या पाऊण तासासाठी तिला पुन्हा कुणाच्या तरी पाया पडावे लागते, आणि ज्या दिवशी कुणी भेटत नाही त्या दिवसापासून ती केंद्रात लेकरू आणणे बंद करते. महिन्याभराने अहवालात लिहिले जाते: लाभार्थी प्रतिसाद अल्प. म्हणून दोन पाळ्या करा, हंगामाप्रमाणे वेळ ठरवायचा अधिकार ग्रामसभेला द्या. सुट्टी रविवारची ठेवू नका. खेड्यातली मजूर बाई रविवारी सुट्टी घेत नाही, बाजाराच्या दिवशी घेते. ज्या गावचा जो बाजार तो दिवस सुट्टीचा. दिवाळीची लांब सुट्टी अजिबात नको, कारण दिवाळी म्हणजेच वेचणी. मे महिन्यात वावरात काम कमी असते, हवी तर तेव्हा द्या.

सहा महिन्यांच्या आतल्या लेकरांबद्दलही एक ओळ. नोकरदार बाईला २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. मजूर बाईला मातृवंदना योजनेत पहिल्या लेकरासाठी पाच हजार, तेही हप्त्यांत. सव्वीस आठवड्यांवर वाटले तर दिवसाला अठ्ठावीस रुपये सुद्धा होत नाहीत. ती दोन-अडीच महिन्यांत वावरात जाते. पाळणाघरात सहा महिन्यांखालच्यांना घेऊ नये हा नियम लेकराच्या भल्याचा आहे, मला मान्य आहे; पण तो पाळायचा तर मधले चार महिने तिला घरी राहता येईल एवढी रक्कम द्यावी लागेल. एका हाताने नियम आणि दुसऱ्या हाताने अठ्ठावीस रुपये, हे जुळत नाही.

पुरुष यात कुठे आहेत, असे आपण विचाराल. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि करणारे पुरुष ८८. देवळीच्या पारावर बसलेल्या पुरुषांना मी हा आकडा सांगितला तर ते म्हणतील ८८ जास्तच आहेत. तो विषय एका पत्रात संपणारा नाही.

पहिल्या हंगामासाठी सगळा जिल्हा मागत नाही. देवळी तालुक्यातली भिडी, अंदोरी, विजयगोपाल, नाचणगाव अशी चार मोठी गावे आणि खुद्द देवळीतली एक मजूर वस्ती घ्या. दसऱ्याच्या आधी बायांची निवड व्हावी, त्यांना पंधरा दिवसांचे प्रशिक्षण मिळावे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत समुदाय वैद्यक विभाग आहे, तो खेड्यांत वर्षानुवर्षे काम करतो. त्यांना विचारले तर प्रशिक्षणाचे कुणी नाही म्हणणार नाही असे मला वाटते. मानधन दर महिन्याला मिळावे. सहा महिन्यांनी एकरकमी देऊ, असे म्हणाल तर बाया डिसेंबरात वेचणीला निघून जातील आणि त्यांचे बरोबर असेल.

आणि पाहणीला अधिकारी पाठवाल तर त्यांना सकाळी अकराला पाठवू नका. त्या वेळी अंगणवाडी भरलेली असते, मुले रांगेत बसलेली असतात, सेविका गाणे म्हणवून घेते, सगळे छान दिसते. कार्तिकातल्या कुठल्याही दिवशी, आधी न कळवता, दुपारी साडेतीनला पाठवा, आणि गाडी अंगणवाडीच्या दारात न थांबवता गल्लीतून पायी यायला सांगा.

आपली,
देवळी तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका

प्रत माहितीसाठी:
मा. जिल्हाधिकारी, वर्धा
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, वर्धा
मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, देवळी
मा. मुख्याधिकारी, नगर परिषद, देवळी